पेटी माझ्या ताब्यात आहे

आदरणीय साडूभाऊ यांना,

टाचा जुळवून कडक सलाम. ताईंना नमस्कार. तुमचा गुडघा जिना चढू देतो का, ताईंचं पित्त शांत आहे का आणि बाल्कनीतल्या कुंड्यांना तुम्ही अजून स्वतःच पाणी घालता का, ते आधी कळवा. (कुंड्यांवरून मी मागे चारचौघांत तुमची जी टर उडवली ती उडवायला नको होती. ताई हसल्या आणि मला चेव चढला. आता मी त्या कुंड्यांचा विचार फार गंभीरपणे करायला लागलो आहे. का, ते पुढे येईलच.) माझी तब्येत ठणठणीत आहे. बाकी काही ठणठणीत नाही. मी एका परक्या विमानतळावर, एका लाकडी पेटीची पावती खिशात घालून, पाठ टेकली की करकरणाऱ्या खुर्चीत बसलो आहे. फोनच केला असता, पण तुमचा फोन ताई स्पीकरवर लावतात, आणि ताईंना कळलं की आमच्या हिला कळायला किती वेळ लागतो ते तुम्ही जाणताच. दोघी सख्ख्या बहिणी, त्यांच्यापुढे आपण दोघे साडू म्हणजे काय चीज! इथे आपल्याच गावचे एक दाताचे डॉक्टर भेटले आहेत. त्यांचं विमान आज दुपारी सुटतंय म्हणतात (म्हणतात!), त्यांच्या हाती हे पत्र देतो. ताई बाजारात गेल्या की वाचा.

आता पहिल्यापासून सांगतो. पलटणीतल्या पोरांना पाय कसा उचलायचा आणि कसा आपटायचा हे शिकवण्यात या ड्रिल उस्तादाचा उभा जन्म गेला. निवृत्ती दाराशी आली, हार झाले, भाषणं झाली, ग्रुप फोटोत मला मधोमध बसवलं. मग साहेब म्हणाले, उस्ताद, जाता जाता परदेश बघून या. एका मित्रदेशाच्या लष्कराचा मोठा समारंभ होता आणि तिथे आमची बारा पोरं संचलन करणार होती. परत आलो की सामान जमा करायचं आणि तसंच घर गाठायचं. म्हणजे दौरा संपला की नोकरी संपली. हे साहेबांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की मीही गोड हसलो.

संचलनाचे बूट तुम्ही पाहिले आहेत. तळाला खिळे, टाचेला लोखंडी नाल. बारा जणांनी पाय आपटला तर आवाज एकच यायला हवा. तेरावा उस्तादाचा, तोही त्यातच मिसळायला हवा. जाताना मी हुकूम सोडला की बूट पायातच घाला, परक्या लोकांना पहिल्या पावलापासून कळू दे कोण आलंय. कळलं! तपासणीच्या कमानीखालून पहिला पोरगा गेला आणि ती कमान अशी कोकलली की पलीकडे एका बाईच्या हातातली कॉफी सांडली. तेराच्या तेरा जणांना बूट काढायला लावले. त्यात आमचा बांबू (आमच्यातला सगळ्यात उंच पोरगा, आडनावानं त्याला कोणी हाक मारत नाही) याचा मोजा फाटका निघाला आणि पलटणीची अब्रू अंगठ्यावाटे बाहेर आली. त्यानंतर सगळे बूट एका पेटीत भरले, पेटी सामानात टाकली आणि तिचा चार्ज माझ्याकडे आला. अंगावर इस्त्रीचा गणवेश आणि पायात कापडी बूट अशा अवतारात आम्ही परदेशात पाऊल ठेवलं. आवाज शून्य.

वाटेत विमान बदलायचं होतं. पहिलं उशिरा पोचलं म्हणून दुसरं निघून गेलं, तिसऱ्याचा पायलट कुठे तरी अडकला, चौथं आलं तर ते आमचं नव्हतं. विचारायला गेलं की एकच उत्तर, थोड्याच वेळात. साडूभाऊ, मी पलटणीत ‘थोड्याच वेळात’ हा शब्द वापरला असता तर साहेबांनी मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. इथे तेच वाक्य गळ्याला सुंदर स्कार्फ बांधून, हसून बोलतात आणि लोक ऐकून घेतात! अंगाचा नुसता तिळपापड होत होता. पोरांना मात्र काही फरक पडला नाही. भिंतीला बॅगा एका रेषेत लावून, त्यांच्यावर आळीपाळीनं पहारा ठेवून सगळे मेल्यासारखे झोपले.

धापा टाकत पोचलो एकदाचे, आणि संचलनाच्या जागी गेल्यावर माझ्या तोंडचं पाणीच पळालं. यजमानांनी पाहुण्यांच्या सन्मानासाठी अख्ख्या सभागृहात गालिचा अंथरला होता. जाड, मऊ, लाल. पाय घोट्यापर्यंत आत. पोरांनी जीव तोडून संचलन केलं, रेषेत केसाचा फरक नव्हता, आणि आवाज म्हणाल तर मांजरं चालल्यासारखा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा एक अधिकारी येऊन मला म्हणाला, किती शांत, किती सुंदर! शांत! मी मान लववली आणि बाहेर येऊन पाणी प्यायलो. माझं शेवटचं संचलन होतं हो ते. एकदा तरी नीट वाजायला हवं होतं.

परतीच्या विमानात एक जागा कमी पडली आणि पेटीलाही नकार मिळाला. मीच म्हणालो, पोरांना पुढे जाऊ द्या, पेटी घेऊन मी मागून येतो. साहेबांच्या मते उस्तादांसारखा जबाबदार माणूस नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.) तेव्हापासून मी एकटा. एका विमानतळावर बर्फानं अडवलं. तिथून निघालो तो इथे येऊन पडलो. इथे इंजिनातून आवाज येतो म्हणाले. मी म्हटलं, येऊ दे की, कुठे तरी काही तरी वाजू दे!

इथली मोठी भानगड मात्र सांगायलाच हवी. विमान रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि सगळे प्रवासी खिडकीवर तुटून पडले. खिडकीमागे स्कार्फवाली एकच मुलगी, तिच्या डोळ्यांत पाणी. एक आजीबाई चाकाच्या खुर्चीसकट गर्दीत फिरल्या आणि त्यांचं तोंड भिंतीकडे झालं, तरी कोणाला पत्ता नाही. मला राहवलं नाही. पोटातून आवाज काढला, सावधान! साडूभाऊ, सगळा हॉल थिजला. फरशी पुसणारा थिजला, कोपऱ्यातले दोन पोलीस थिजले, त्यातल्या एकानं तर टोपी सरळ केली. मग मी आजीबाईंची खुर्ची वळवून सगळ्यांत पुढे लावली, तिच्यामागे लेकुरवाळ्या, मग बाकीचे, अशी ओळ बांधून दिली आणि मुलीला म्हटलं, आता कर काम. तेव्हापासून इथले लोक मलाच विचारायला लागले आहेत. दाताचे डॉक्टर, चांगला शिकलासवरलेला माणूस, परवानगी मागतात, उस्ताद, जरा तोंड धुऊन येऊ का? मी म्हणतो, जा, पण लवकर या. काय सांगू, फार बरं वाटतं.

आणि इथेच घोडं अडलंय. घरी गेल्यावर मला कोण विचारणार?

गेल्या सुट्टीची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसेल. बसून बसून हात शिवशिवायला लागले म्हणून मी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मोठे डावीकडे, लहान उजवीकडे, झाकणं एका रेषेत. दृष्ट लागावी असं दिसत होतं. हिला त्यानंतर मीठ सापडेना. मीठ सापडलं तर मोहरी बेपत्ता. ही चिडली नाही, हो, तसं खोटं बोलणार नाही. हसत हसतच म्हणाली, अहो, सुट्टी कधी संपते तुमची? दर सुट्टीत ती हे विचारते. एरवी मी तारीख सांगून मोकळा होतो. या वेळी मात्र ते वाक्य आत रुतून बसलं, कारण आता येतोय ती सुट्टी संपणारी नाही. ही इतकी वर्षं घर एकटीनं चालवते आहे. पोरीचं शिक्षण, लग्न, गळकी टाकी, सासूबाईंचं आजारपण, सगळं तिनं पाहिलं, मी सुट्टीत येऊन नुसती शाबासकी दिली. तिथे आता मी जाऊन काय करू? चालतं ते चाक थांबवून त्याला सावधान म्हणू? मला भीती वाटते, साडूभाऊ. कोणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो.

तुम्ही वजनमापे खात्यातून निवृत्त झालात त्याला बराच काळ लोटला. ताईंमागे पिशवी धरून बाजारात जाता म्हणून मी तुम्हाला पिशवीबहाद्दर म्हणायचो, तुमच्या त्या मऊ चपलांना सशाचे पाय म्हणायचो. सगळे शब्द परत घेतो. आता मला एवढं शिकवा: सकाळी पेपर वाचून झाला की माणूस काय करतो? घरात कुठे बसतो? ताई केर काढायला आल्या की पाय वर घ्यायचे की उठून जायचं? तुम्हाला हे कोणी शिकवलं की आपसूक जमलं? सविस्तर लिहा, अगदी पहिल्या दिवसापासून. तोवर काळजी नसावी. पेटी माझ्या ताब्यात आहे आणि पेटी ताब्यात आहे तोवर मी ड्यूटीवर आहे.

तुमचा,
(पेटीसह) साडू

ता. क. – पत्र बंद करणार तेवढ्यात बांबूचा फोन आला. म्हणे, उस्ताद, पेटी पोचली, आम्ही उतरवून घेतली, बूट पुसून ठेवले, तुम्ही कुठे आहात? मी कपाळावर हात मारला. पेटी पुढे गेली आणि पावती घेऊन मी मागे! तेव्हा वरचं शेवटचं वाक्य खोडलेलं समजा. ड्यूटी संपली आहे आणि संपली हे मला बांबूकडून कळावं, याला काय म्हणावं.

ता. क. दुसरा – पेटी पुढे कशी गेली, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. तुम्ही मापात पाप पकडणारे, तुमच्यापासून काय लपवायचं. विमान रद्द झालं होतं, पण त्यानंतर दोन विमानं घराकडे गेली. दोन्हीत मला जागा मिळाली होती. पहिली मी आजीबाईंना दिली. ते पुण्यकर्मच होतं, त्यांना खरंच घाई होती. दुसरी एका तरण्या जोडप्यातल्या नवऱ्याला दिली. बायकोला जागा मिळालेली, त्याला नाही. त्याला काही घाई नव्हती, तो बिचारा राहतो राहतो म्हणत होता, मीच धरून बसवला. पेटी तोवर त्याच विमानात चढली होती, हे मला आत्ता कळतंय. विमान कंपनीला मी जे जे बोललो त्यातलं निम्मं मागे घेतो. उशीर त्यांनी केला, मुक्काम मी केला. हे ताईंना सांगू नका, म्हणजे हिला कळणार नाही.

ता. क. तिसरा – हिला कळलं आहे. डॉक्टर पत्रासाठी हात पुढे करून उभे असतानाच हिचा फोन आला. तिकीट काढताना कारकुनानं घरचा नंबर विचारला होता, मी हिचा दिला, मला दुसरा कुठला घरचा नंबर ठाऊक आहे? कंपनीनं ‘आपण आपली जागा दिल्याबद्दल आभारी आहोत’ असं दोनदा हिलाच कळवलं. पहिल्यांदा तिला माझं कौतुक वाटलं म्हणे. दुसऱ्यांदा ती खाली बसली. मी काही तरी सारवासारव करायला गेलो, तर म्हणाली, अहो, गप्प बसा आणि ऐका. सुट्टी कधी संपते ते मी विचारायचे, कारण दिवस पुरवून वापरायचे असायचे. तुम्ही जावं म्हणून कोणी विचारत होतं का? पुढे म्हणाली, इतकी वर्षं मी जिना ऐकत आले. तुमचे बूट खालच्या मजल्यावर वाजले की चहा टाकते, त्याआधी नाही. एकदा आधी टाकला होता, तुमची सुट्टी रद्द झाली आणि तो तसाच ओतून द्यावा लागला. उद्या काय ते वाजत या, म्हणाली. आणि हो, डबे मी परत माझ्या पद्धतीनं लावलेत, त्यांना हात लावायचा नाही.

डॉक्टरांबरोबरच निघतोय. स्कार्फवालीनं जागा दिली, या वेळी मी ती कोणाला देणार नाही, आजीबाई परत आल्या तरी नाही. पत्र आता खरं तर माझ्याच हातानं देता येईल, पण तोंडानं मला यातलं एक अक्षर बोलता येणार नाही, म्हणून उतरल्यावर डॉक्टरच तुमच्या हातात देतील. यापुढचा निरोप मात्र आत्ताच फोनवरही देतो आहे, तो ताईंनी ऐकला तरी चालेल: तुम्ही विमानतळावर या. कापडी बूट जिन्यावर वाजत नाहीत. माझा जोड बांबूकडे पुसून ठेवलेला आहे, त्याला सांगितलंय, तो तुम्हाला आणून देईल, तो घेऊन या. आणि दुसऱ्या हातात तुमच्यासारख्या चपला आणा. माप बुटाचंच. बूट जिन्यापुरते लागतील. चपला त्यापुढे.