स्वयंपाकघरातला मधला खांब

बाबा, तुम्ही स्वयंपाकघरातला मधला खांब कापलात तेव्हा मी सातवीत होते. राग मला आत्ता, पन्नाशी ओलांडल्यावर आला आहे, आणि तो तुमच्यावरच आहे.

तुम्ही वापीहून सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल आणलंत. बोर्डीत तेव्हा फार थोड्या घरांत तसं टेबल होतं. आईसाठी आणलंय, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. पण ते मावेना, कारण मध्ये तो सागाचा खांब होता. आई म्हणाली, वर सगळी तुळई त्याच्यावर आहे, कापण्याआधी कुणा जाणत्याला विचारा. मिस्त्री करवत घेऊन उभा आहे, आणि त्याच्यादेखत तुम्ही म्हणता, "तू चुलीपुढचं बघ. छपराचं मी बघतो." आई चुलीकडे वळली आणि खांब गेला.

वाडीतल्या एका चिकूची फांदी वाळली तर तुम्ही शेतकी अधिकाऱ्याला घरी बोलावून, चहा पाजून, चार प्रश्न विचारत होतात. झाडाला जाणता माणूस लागतो, आणि ज्या छपराखाली बायको-मुलं जेवतात त्याला नाही? आई त्या टेबलावर कधीच जेवली नाही. ताट घेऊन मागच्या दारात बसायची. तुम्ही पाहुण्यांसमोर तिला हट्टी म्हणायचात, आणि आम्ही भावंडं हसायचो.

दोन हजार अठराच्या हिवाळ्यात तलासरी-डहाणूकडे जमीन हलायला लागली. एका दुपारी मांडणीवरची भांडी खडखडली आणि तुळईजवळची माती टेबलावर सांडली. धाकट्या भावाने त्याच वेळी घराचं काम काढलं होतं: नवी फरशी, नवी कौलं, आणि बरोबर त्या तुळईवर माळा करून पाण्याची मोठी टाकी. मी म्हटलं, आधी इंजिनिअरला दाखवू. तो म्हणाला, एवढ्याशा कामाला इंजिनिअर कशाला, मिस्त्री आहे ना. आवाजसुद्धा तुमचाच. मी त्याच्याशी भांडले आणि पालघरहून एका इंजिनिअर बाईंना बोलावलं.

त्या तिशीच्या असतील. आल्या आल्या त्यांनी विचारलं की या घरात सगळ्यात जास्त वर्षं कोण राहिलंय. मग आईच त्यांना घर दाखवत फिरली. कुठली भेग कुठल्या पावसात पडली, कुठला दरवाजा कधीपासून घासतो, ऐंशी वर्षांची बाई एकेक सांगत होती आणि त्या लिहून घेत होत्या. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी त्यांनी तुळईखालून दोरी ताणून धरली. लाकूड मध्ये चार बोटं वाकलं होतं.

"भिंती चांगल्या आहेत, घर पाडायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "पण यावर टाकी ठेवली असती तर तुळई मोडली असती. आधी इथे टेकू द्या, मग बाकीचं."

दुसऱ्या दिवशी टेकू लागला, पुढे तिथे नवा खांब उभा राहिला, आणि टाकी बाहेर वेगळ्या चौथऱ्यावर गेली. आईला मी विचारलं, इतकी वर्षं पुन्हा का नाही बोललीस? म्हणाली, "एकदा बोलले होते ना."

या उत्तराने मी अजून पेटते, बाबा. तिचं एक वाक्य ऐकलं असतंत तर काय कमी झालं असतं तुमचं?

हे पत्र वाचायला तुम्ही नाही, आणि आईला मी ते दाखवणार नाही. तरी एक गोष्ट लिहून ठेवते. जाताना इंजिनिअर बाईंनी वही उघडून विचारलं होतं, खांब कुणी काढला. आई शेजारीच वाल सोलत बसली होती. मी म्हटलं, मिस्त्रीने, आम्हाला न विचारता. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढची शेंग उचलली.