डाव्या हाताचा चुडा

सोम., ७ जून
आजपासून दुकान उघडायला परवानगी. यांच्या माघारी शटर पहिल्यांदाच वर केलं. सुमन म्हणाली, "आई, मी करते." नको म्हटलं.
उघडलं खरं, पण धंदा कसा करायचा? कापडवाला लांबून कापड दाखवील. बांगडी भरायची तर बाईचा हात हातात घ्यावाच लागतो. हातमोजे घालून सुमनच्या हातावर करून पाहिलं. बोटाला हाड कळत नाही. दोन बांगड्या वाढल्या, काचा वेचल्या.

मंगळ., ८
एप्रिलात यांची तपासणी केली तिथं काचेची पेटी होती. आत नर्स, बाहेर फक्त तिचे हातमोजे. अंगात ताप, तरी हे म्हणाले, "कासाराचं दुकान असं पायजे बघ." लातूरला बेड मिळाला नाही. नांदेडला नेलं. तिथूनच...
मोंढ्याच्या बाजारातून जाड पारदर्शक प्लास्टिक आणलं. दाराला खालपर्यंत लावलं, हातापुरतं भोक पाडलं. बाई ओट्यावर, मी आत. दोन्हीकडं बादली आणि साबण.

गुरु., १०
बाया हसून राहिल्या. "कासारीणबाई, बँक काढली काय?"
"हाव. हात जमा कर, बांगड्या घेऊन जा."
एकीचा मास्क हनुवटीवर. म्हटलं, तोंड झाकल्याबिगर बांगडी न्हाई. रागानं गेली. जाऊ दे.
दुपारी बांगड्यांच्या पुडक्याचा कागद वाचला, जुन्या पेपरचा. हे कागद वाचत वाचतच मी वाचायला शिकले. आजचा साथीच्या आधीचा निघाला. जत्रेचा फोटो. एकाच्याही तोंडाला काही नाही. बघत बसले.

शुक्र., ११
मागच्या गल्लीतल्या गोदाबाई आल्या. त्यांच्या पूजाचं लग्न रविवारी. "वैनी, उद्या घरी या चुडा भरायला. सगळ्या बाया जमायल्यात."
म्हणजे एका खोलीत सगळ्या. या वर्षीचं सगळ्यात मोठं काम. तरी न्हाई म्हटलं. दुकानावर या, एकेक करून.
"जावा म्हणत होत्या, विधवेच्या हातानं चुडा नको. मी भांडले तुमच्यासाठी. आन् आता तुम्हीच नखरे करून राहिल्या!"
खरंच भांडल्या असतील. वाईट वाटलं. पण बंद खोलीत बसणार नाही. शेवटी ठरलं, पूजा तेवढी दुकानावर येईल.

शनि., १२
पूजा आली. उजवा हात भरला. हिरवागार, छान दिसला. साबणाचं पाणी गार, तरी तिचा हात काही निवेना. डावा हात आत आला, तोही तसाच. ॲम्ब्युलन्समध्ये यांचा हात धरला होता, तो असाच होता.
थांबले. "पोरी, ताप हाय का?"
पायरीकडं बघून हळूच, "कालपासून, काकू. आईला सांगू नका."
गोदाबाई पायरीशीच होत्या. "उन्हाचा आसंल. भरा तुम्ही."
"आसंल. आधी तपासणी करा. हा हात मी आज भरणार न्हाई."
"अर्धा चुडा? नवरीला असं पाठवता? जावा बरोबर बोलत होत्या!"
पोरीला घेऊन तरातरा गेल्या. एक हात हिरवा, एक मोकळा.
सुमन म्हणाली, "आई, आता कोण येणार आपल्याकडं?" चुडा भरून गप्प बसले असते तर उद्या मांडवात सगळे तिच्या भोवती...

रवि., १३
दुकान बंद. पूजाचा हात माझ्या हातात होता, म्हणून मी पण तपासणी करून आले. सुमनचं अंथरूण वेगळ्या खोलीत.
मागच्या गल्लीत मांडव आहे, वाजंत्री नाही.
संध्याकाळी गोदाबाईंचा दीर आला, अंगणातच थांबला. वाटलं, शिव्या द्यायला आला. म्हणाला, "पोरीची तपासणी केली. रिपोर्ट उद्या. लगीन थांबवलं."
"गोदाबाई?"
"बोलत न्हाईत कुणाशी." जायला वळला, परत थांबला. "पूजानं विचारलंय, डाव्या हाताच्या ठेवल्यात का?"
"ठेवल्यात म्हणावं."
उजव्या हातातल्या तिनं उतरवल्या नाहीत म्हणे.
तिच्या मापाच्या बांगड्या दोऱ्यात बांधून फळीवर वेगळ्या ठेवल्या. प्लास्टिक साबणानं धुतलं. वाळत घातलंय.