पाटावर कोण बसणार

पाटोदा
रविवार, दि. १२ जानेवारी २०२५

चि. सौ. बायना हिला दाजींचा आशीर्वाद.

मी बरा आहे. कारखान्याच्या तळावर तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालतो. यंदा थंडी जास्त आहे. तिकडे उसाच्या फडात पहाटे हात गारठत असतील. बिभीषणरावांना नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, वाईट बातमी नाही. फोन केला असता, पण तुमचा फोन बिभीषणरावांच्या खिशात असतो आणि लागला की सगळी टोळी कान देऊन ऐकते. शिवाय मला फोनवर बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. नोकरीभर स्टँडवर बसून माईकवर गाड्या पुकारल्या, पण ते वेगळं. शेजारचा हनुमान टेंपो घेऊन तुमच्या कारखान्याकडे निघाला आहे, त्याच्याजवळ देतो. तू सातवी झालेली आहेस. एकटी असताना सावकाश वाच.

प्रियूचं लग्न ठरलं. मुलगा धर्मापुरीचा आहे, परमेश्वर नाव. परळीला वीज मंडळात आहे. घरची थोडी शेती आहे, माणसं साधी आहेत. तुझ्या लेकीनं त्याला आधीच दोनदा मेडिकलवर बोलावून बघून घेतलं होतं, हे मला बैठकीच्या दिवशी कळलं. बैठकीतच मी मुलाच्या आईला सांगून टाकलं की पोरगी विमलच्या चुलत बहिणीच्या पोटची आहे, आम्ही दत्तक घेतलेली आहे, आणि दोन्ही घरांचं जाणं-येणं आहे. ती बाई म्हणाली, "मंग चांगलंच हाय की. सुनंला दोन माहेरं, म्हंजी आमाला आहेर बी दोन." सगळे हसले. मीही हसलो.

तारीख २३ फेब्रुवारी धरली आहे. भर हंगाम आहे, हे मला कळतं. पण मुलीची आई गेली की लग्न वर्षाच्या आत करावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं, असं इथले सगळे म्हणतात. मुलाचा धाकटा भाऊ सैन्यात आहे आणि त्याला सुट्टी तेव्हाच आहे. त्यामुळं दुसरा इलाज नव्हता. तुमच्या मुकादमाशी मी बोलतो. माणूस ओळखीचा आहे, स्टँडवर त्याला खूप वेळा जागा धरून दिली आहे.

इकडचं बाकी ठीक. प्रियू सकाळी मेडिकलवर जाते, रात्री आठला येते. मी वरण-भात करायला शिकलो. मीठ चुकतं. विमलचा चष्मा अजून खिडकीत आहे, कुणी हलवला नाही. मीही हलवला नाही. दिवसभर काही काम नसतं, तरी संध्याकाळी दमल्यासारखं होतं. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, तब्येतीत काही नाही.

कन्यादानाला आमचे चुलतभाऊ अर्जुनराव आणि वहिनी बसणार आहेत. त्यांचा मान आहे आणि त्यांनी स्वतः होऊन सांगितलं. तुम्ही दोघं मंडपात पुढे बसावं. तुझ्यासाठी साडी घेतली आहे, बिभीषणरावांना पोशाख. रंग प्रियूनं निवडला.

एवढंच कळवायचं होतं.


मंगळवार, दि. १४, संक्रांत

हनुमानाच्या टेंपोचं काम निघालं म्हणून तो थांबला, आणि पत्र माझ्याकडेच राहिलं. वर लिहिलेलं आज पुन्हा वाचलं. खोटं काही नाही, पण अर्धंच आहे. नवा कागद घेऊन सगळं परत लिहायचं बळ नाही, म्हणून खालीच लिहितो.

कन्यादानाला जोडपं लागतं. विमल नाही, म्हणून मला बसता येत नाही. हे मी गुरुजींना विचारायला गेलो होतो. ते म्हणाले, "बसता येतं की. बायकोच्या जागी कमरेला सुपारी लावायची अन् एकट्यानं बसायचं. शास्त्राला चालतं." मला बरं वाटलं. विमलच्या पूजेच्या डब्यात सुपारी होती, तीच काढून ठेवली. एक दिवस ती धोतराच्या गाठीला बांधून घरात हिंडूनही पाहिलं. कुणाला सांगू नकोस.

मग अर्जुनराव आले. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "भगवान, सुपारी-बिपारी काई न्हाई. मी अन् तुझी वहिनी बसतो पाटावर. चार मोठी माणसं येणार हायेत. फोटोत जोडी तर दिसू दे."

प्रियू आतून म्हणाली, "काका, तुमी बसलाव तर पाट मोडंल."

"मोडू दे. सागवानी करून देतो," अर्जुनराव म्हणाले. ते हसत गेले आणि ठरलंच असं धरून गेले. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझी सवय तुला माहीत आहे.

त्या रात्री जेवताना प्रियूनं विचारलं, "अण्णा, पाटावर बायनामावशी अन् बिभीषणकाका बसले तर?"

मी म्हटलं, "चहा ठेव."

"जेवणात चहा?" ती म्हणाली. आणि मग, "अर्जुनकाकांनी मला कधी उचलून घेतलं न्हाई. त्येंनी मला काहून द्यायचं?"

मी तिला सुपारीचं सांगितलं. गुरुजी चालतं म्हणाले, मी एकटा बसतो, म्हटलं. ती बराच वेळ भात चिवडत बसली. मग म्हणाली, "आई सुपारी झालेली मला बघवणार न्हाई, अण्णा."

तिचं बरोबर होतं. पण मी तिला होकारही दिला नाही. बायना, तुला खरं सांगतो, मला ते नको होतं. तुझ्याविषयी मनात काही आहे म्हणून नाही. तुम्ही दोघं पाटावर बसलात तर मी कुठं बसायचं, हे मला समजत नव्हतं.

चार दिवस मी तसेच काढले. मग हाच विषय अर्जुनरावांच्या कानावर गेला. प्रियूनंच सांगितलं असणार. ते परवा स्टँडसमोर चहाच्या टपरीवर भेटले, चार माणसं बसलेली होती. म्हणाले, "तू लई साधा हायस बे. ज्येंनी पोरगी दिली त्येंच्याच हातानं परत देणार. मंग मधी तू कोण?"

टपरीवरचा एक जण हसला. मी चहा पिऊन घरी आलो. त्याच दिवशी हे पत्र लिहायला घेतलं, आणि अर्जुनराव बसणार असं लिहून टाकलं. त्यांचं बोलणं बरोबर आहे असं वाटत होतं, आणि ते खोटं ठरवायला मला हाच एक मार्ग दिसला.

आज संक्रांत. घरात वाण नाही, हळदी-कुंकू नाही. प्रियूनं दुपारी सुट्टी घेतली आणि विमलचं कपाट आवरायला काढलं. वरच्या खणात लहानपणीचे फ्रॉक निघाले, तू दर पाडव्याला कारखान्यावरून परत आलीस की आणायचीस ते. सगळे होते. काही एकदाही घातलेले नव्हते, घड्या तशाच. प्रियू म्हणाली, "आईनं हे टाकले कसे न्हाईत?" मी म्हटलं, तुझी आई काही टाकायची नाही. पण तेवढंच नव्हतं. तुझा फ्रॉक अंगात असला की विमलला प्रियू तुझ्यासारखी दिसायची. म्हणून ती घालायची नाही, आणि तू आणलेला म्हणून टाकायचीही नाही. ती हे मला कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही. आमच्या घरात असंच होतं.

तू मात्र कधी विचारलं नाहीस की मी आणलेला कुठं आहे. यायचीस, हात पदराखाली धरून बसायचीस. उसाच्या पाचटानं हात चिरलेले असायचे ते दिसू नयेत म्हणून, हे मला पुढं कळलं. प्रियूच्या डोक्यावरून हात फिरवायचा असला तरी पदराचं टोक मधे घ्यायचीस.

तू तिला विमलच्या ओटीत घातलीस तो दिवस मला नीट आठवतो. तुम्हाला दुसऱ्या दिवशी गाडीत बसायचं होतं. बिभीषणराव बाहेर लिंबाखाली उभे होते, आत आलेच नाहीत. विमलनं पदर पसरला. मला वाटलं होतं तू रडशील. तू म्हणालीस, "अक्का, हिला गार पाणी लावू नका. लगीच सर्दी व्हती." एवढंच. आणि निघताना मला म्हणालीस, "दाजी, येत जाऊ ना?" मी म्हटलं, "हे काय विचारणं झालं?" त्या दिवशी तेवढंच मी नीट बोललो, असं वाटतं.

आणि मे महिन्यात विमल दवाखान्यात होती तेव्हा तू आठ दिवस राहिलीस. तिचं डोकं तू धुतलंस. दार लावून घेतलं होतं, आतून तुमचं दोघींचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द नाही. एकदा विमल हसली. आजारपणात ती तेवढीच हसली. बाहेर आल्यावर तुझे हात ओले होते आणि तू ते झाकले नव्हतेस. काय बोललात ते सांगू नकोस. पण आज फ्रॉक पुन्हा घडी घालताना मला वाटलं, विमलनं तेव्हाच तुला काहीतरी देऊन टाकलं होतं. न देता राहिलो तो मीच.

तर आता नीट लिहितो. पाटावर तू आणि बिभीषणराव बसा. प्रियूची इच्छा तर आहेच, पण माझीही आहे. आज दुपारपासून आहे. सुपारी डब्यात परत ठेवली. अर्जुनरावांना मी स्वतः जाऊन सांगेन. ते रागावतील. वहिनींना मंडपात मानानं पुढं बसवतो म्हणेन, काहीतरी म्हणेन.

तू नाही म्हणशील, हे मला माहीत आहे. माणसं काय म्हणतील, म्हणशील. माणसांना सगळं आधीच माहीत आहे. हात कसे दाखवू, म्हणशील. प्रियू म्हणते, "मावशीला चार दिवस आधी बलवा. मला लावायच्या आधी तिच्या हाताला हळद लावते, चिरा भरून येतेल." आणि नाही आल्या भरून, तरी हरकत नाही.

एकदा दिलेली लेक पुन्हा द्यायची, हे सोपं नाही. ते मी तुझ्याकडून मागतो आहे, हेही मला कळतं. पहिल्या वेळी मी मागायला आलो नव्हतो. तेव्हा विमल बोलली होती, मी तिच्या मागं उभा होतो. या वेळी मी मागतो.

माझ्याकडे एक काम राहू दे. कन्यादानाचं पाणी सोडायला तांब्या लागतो. तो मी भरून आणीन आणि तुझ्या हातात देईन. गुरुजींना विचारलं नाही. विचारणारही नाही.

दुसरं एक आहे. ते लिहू की नको, असं दिवसभर चाललं आहे.

लग्नानंतर नागपंचमीला लेकी माहेरी येतात. तेव्हा तुम्ही गावी असता, हंगाम नसतो. मुलाची आई दोन माहेरं म्हणाली ते माझ्या डोक्यातून जात नाही. तुझ्या घरी तिच्या बहिणी येतील, भाऊ असेल, घर भरलेलं असेल. ती तिकडे आली तर मला वाईट वाटणार नाही, असं म्हणालो तर ते खरं नाही. इथं मी एकटा. दारात ओवाळायला बाई नाही. लेक उंबऱ्यात उभी राहिली आणि आतून कुणी भाकरतुकडा घेऊन आलंच नाही, तर ती आत येईल, पण कशी येईल?

म्हणून पंचमीला तू आदल्या दिवशी इकडे ये. बहिणीही येऊ देत, जागा आहे. तिला धर्मापुरीहून आणायला मी जाईन, एसटीनं, आणि दारात तू उभी राहा. भाकरी मी सकाळीच करून ठेवीन, जमेल तशी. तू तिच्यावरून ओवाळून टाक. मग ती आत येईल. तिच्या मागं मी येईन.

उत्तर लिहीत बसू नकोस. प्रियूला फोन कर, ती मला सांगेल. टोळी ऐकत असली तरी चालेल.

बिभीषणरावांना हे पत्र वाचून दाखव. त्या दिवशी ते लिंबाखाली थांबले होते, आत बोलवायचं माझ्याकडून राहून गेलं. या वेळी त्यांनी आत यावं, पाट मांडलेला असेल.

साडी हिरवी आहे, जरीचा काठ बारीक आहे. जड वाटली तर बदलून आणतो.

तुझे दाजी,
प्रियूचे अण्णा