पुढचं दार पाकोळ्यांचं

तुझ्या वनखात्याने आमच्या पुढच्या दारावर ते पत्रक चिकटवलं, ते थेट पॉलिशवर! तुझ्या आजोबांनी हाताने घासून चकचकीत केलेलं दार, आणि त्याला डिंक. नखं झिजली, निघत नाही.

असो. चिरंजीव नातवाला आशीर्वाद. तुझं पोट, तुझी नोकरी आणि तुझी बायको, तिन्ही ठिकाणावर असतील असं धरून चालते. इकडे मी बरी, आजोबा बरे नाहीत, पाकोळ्या उत्तम.

ह्या पाकोळ्यांनी दाराच्या चौकटीवर चिखलाचं घर बांधलं. (आम्हाला घर बांधता बांधता केस पिकले, ह्यांचं आठवड्यात झालं.) लगेच तुझ्या खात्याचा माणूस आला, दाराला आडवी दोरी बांधली आणि म्हणाला, "आजी, पिल्लं उडेपर्यंत हे दार वापरायचं नाही. सरकारी सूचना आहे." म्हटलं, "आणि त्याआधी म्हातारा उडाला तर?" त्याने पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं. त्यात ते नव्हतं.

मागचं दार तुला ठाऊक आहे. न्हाणीघराला वळसा, त्यात भिंतीचा कोपरा पुढे आलेला. परवा आजोबांना धाप लागली तेव्हा रुग्णवाहिकेची माणसं स्ट्रेचरसकट तिथे अडकली. पुढे जाईना, मागे येईना. जन्मभर सुतारकी केलेला माणूस, श्वास पुरत नाही तरी पडल्या पडल्या शिकवतोय, "पायाकडून उचला... आता तिरकं... अरे, कधी कपाट हलवलं नाहीत का?" शेवटी पट्ट्यांनी आवळून, कपाटासारखे उभे करून काढले. दवाखान्याने दुसऱ्या दिवशी परत पाठवलं. डॉक्टर म्हणाला, आता घरीच बरं. माझी शाळा दुसरीत सुटली, पण एवढं मला कळतं.

म्हणजे आता ते घरातून एकदाच बाहेर पडायचे आहेत. दोन माणसं खांदे न घासता जातील इतकं रुंद दार त्यांनी स्वतः केलंय. त्यांना पुन्हा कपाटासारखं मी नेऊ देणार नाही. तेवढ्या वेळापुरती दोरी सोडायची परवानगी पाठव. नाही पाठवलीस तर कात्री घरात आहे.

तुझी आजी

ता. क. खात्याकडे चुगली कोणी केली ते आज कळलं. आजोबांनीच, शेजाऱ्याच्या फोनवरून! खाटेवरून खिडकीतून त्यांना तेवढं घरटंच दिसतं, आणि मी केरसुणी घेऊन तिकडे जाईन ही धास्ती. (गेलेच असते.) म्हणतात, "मला खुशाल उभा ने, पण दोरीला हात लावू नकोस."

आणखी ता. क. तेव्हा परवानगी राहू दे. ते रोज एकच विचारतात, ह्या पाकोळ्या पुढच्या वर्षी ह्याच घरट्यात परत येतात का? मी "येतात" म्हटलं तर म्हणतात, तुला काय कळतं. त्यांचा भरवसा शिक्क्यावर. तर तसं लिहून त्यावर शिक्का मार, खरं असो नसो. कारकुनाकडून नको, टपालाने नको. उत्तर तूच द्यायचंस, खाटेशी बसून, मोठ्याने वाचून. ह्याच आठवड्यात. आणि मागच्या दाराने ये.