छताला लावलेली चकती

मी, बाबांची धाकटी मुलगी, वय चोवीस, बुद्धी शाबूत असताना व कोणाच्याही दडपणावाचून हे लिहून ठेवते. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. "घाबरण्यासारखं काही नाही," असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी घाबरले नाही, असे मात्र मला शपथेवर लिहिता येणार नाही.

१. माझी पुस्तके दादाला. पाने दुमडू नयेत. तो दुमडेल, हे ठाऊक आहे, तरीही.

२. शिवणाची कात्री आईला परत. गाडीच्या छताचे कापड कापून तिची धार मी घालवली. आईने हे अजून बोलून दाखवलेले नाही, याचीच अधिक लाज वाटते.

३. गाडी. बाबांनी आयुष्यभर याच गाडीत लोकांना वाहन चालवायला शिकवले. मी पदवी परीक्षेत पहिली आले तेव्हा ती माझ्या नावावर केली, मलाही शिकवले. परंतु ती फाटकाबाहेर नेण्याचा धीर मला आजतागायत झाला नाही. मागून कोणी हॉर्न वाजवेल, या विचारानेच मी फाटकाशी इंजिन बंद करते. छताचे कापड सुटून बाबांच्या डोक्यावर लोंबत होते. त्यांनी ते टाचण्यांनी टाचले होते. चालवता येत नाही तर निदान दुरुस्त करावी, म्हणून मी छत हाती घेतले.

पुस्तकात वाचून, कापड ज्यावर चिकटवलेले असते तो छताचा पुठ्ठा मागच्या दारातून काढला, कुजलेला फोम ब्रशने खरवडला. सारे यथासांग. फक्त पालथ्या कापडावर पुठ्ठाही पालथा ठेवून आखायचे, तिथे मी तो उताणा ठेवला. परिणामी छतातल्या दिव्यासाठीचे भोक चालकाऐवजी शेजारच्या आसनाच्या वर आले. गोंद वाळल्यावर कळले.

"पहिला नंबर," दादा म्हणाला, "पण दुसऱ्या टोकाकडून!"

"गप रे, तुला साधी उशीची खोळ घालता येत नाही," म्हणत आईने भोकावर कापडाची गोल चकती चिकटवली. गाडीत बसणारा प्रत्येक जण वर बघतो आणि बाबा अभिमानाने सांगतात, "आमच्या धाकटीनं केलंय." त्या वेळी मला आसनाखाली शिरावेसे वाटते.

सबब गाडी बाबांना परत. अट एकच: ते छत उतरवून कारागिराकडून नवे बसवावे. माझी चूक माझ्यामागे त्यांच्या डोक्यावर राहू नये.

४. या मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार होऊ नये. कायद्याने त्याचा वाटा जातो. हे घरात सर्वांना बजावले आहे. म्हणून साक्षीदार ग्रंथपालबाई व शेजारचे पोस्टमनकाका.

पुरवणी. सह्यांच्या वेळी बाबांनी वरील मजकूर वाचला.

"म्हणजे मी इथं सही केली, तर गाडी मला मिळणार नाही?"

"नाही, बाबा."

"आणि तुझी ती अटही गेली?"

"गेली."

त्यांनी पोस्टमनकाकांच्या हातातले पेन काढून घेतले. "मग दवाखान्यातून घरी ये आणि तूच ने गाडी फाटकाबाहेर. वाजवणारे वाजवू देत हॉर्न. मी बसतो की शेजारी, चकतीखाली."

साक्षीदार: ग्रंथपालबाई (सही)
साक्षीदार: ~~पोस्टमनकाका~~ बाबा (सही)

ठिकाण: राहते घर. शुक्रवार, बारा जानेवारी.

लिहून ठेवणारी: धाकटी (सही), गाडीची मालकीण