तलवारीचा धक्का कोणाला बसतो

खमरिया, जबलपूर

चि. विनू, तुला बळीरामदादाचा सप्रेम जयभीम.

तिकडे नागपुरात गुडघा कसा आहे? मालिश करून राहिली, की तेलाची बाटली नुसती समोर ठेवून बसते? इकडे मी ठणठणीत आहे आणि माझी काही चूक नाही. (हे आधीच सांगतो, कारण तू वेगळं ऐकलं असशील.)

आपल्या यशोधरेची कादंबरी छापून आली. हिंदीत आहे, जादूगारांची. रविवारी कांचघरजवळच्या एका हॉलमध्ये प्रकाशन झालं. हार, समोसे, पन्नास-साठ माणसं, सगळं व्यवस्थित. पोरीने द्वंद्वाचा प्रसंग वाचला. एकीकडे राजकन्या, दुसरीकडे काळा जादूगार, आणि त्याच्या कमरेला अख्खं शहर जाळणारी तलवार. छान वाचलं. मग सूत्रसंचालकाने विचारलं, "किसी का कोई सवाल?" आता विनू, छत्तीस वर्षं मी इथल्या फॅक्टरीत दारूगोळ्याच्या तपासणीत काढली. असं विचारल्यावर मी गप्प बसू काय?

उठलो. म्हटलं, एवढी तलवार कमरेला असून हा माणूस तेरा पानं काठीने काहून लढून राहिला? तिची चाचणी कोणी घेतली? (घेतली असेल तर एक शहर आधीच जळालं, त्याचा पुस्तकात पत्ता नाही.) मंत्र ओरडूनच म्हणायचा, तर घसा बसला की लढाई रद्द काय? आणि एवढी आग पुढे जाते, तर मागचा धक्का कोणाला बसतो?

"बाबा, जादू आहे ती," यशोधरा म्हणाली.

"म्हणूनच तर! साध्या गोळ्यालाही सात सह्या लागतात."

लोक हसले, मला जोर आला. तेवढ्यात माझा जुना सोबती देवदत्त मागून उठला आणि ती तलवार पावसाळ्यात ठेवतात कुठे, असं विचारू लागला. हॉलमध्ये निम्मे लोक फॅक्टरीतलेच. पाऊण तास आमची बैठकच रंगली. सही घ्यायला आलेल्या पोरी कंटाळून निघून गेल्या, अध्यक्षांच्या गाडीची वेळ झाली. शेवटी यशोधरेने माईक खाली ठेवला. "तुम्ही तपासायला आलात बाबा, ऐकायला नाही," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी बॅग भरून "मैत्रिणीकडे चालले" म्हणून गेली. चार दिवस झाले, फोन उचलत नाही.

तरीही सांगतो, प्रश्न बरोबर होते.

तुझा दादा,
बळीराम

ता. क. – बरोबर होते, पण तोवर मी तेवढं द्वंद्वच वाचलं होतं. आता सगळं वाचलं. पुढच्याच प्रकरणात लिहिलंय, ती तलवार उपसली की दर वेळी घरचं एक माणूस दुरावतं. म्हणून तो काठीने लढतो. पोरीने चोख लिहिलंय.

ता. क. २ – मैत्रीण नागपूरची कोणती, हे मला समजतं. पुस्तकाच्या शेवटी एक म्हातारा लोहार फाटकाशी मुलीची वाट पाहत उभा आहे, आणि तिथेच संपवलंय. ती येते का, एवढं तिला विचार. मी विचारलं असं सांगू नको.

बरं, सांग.