दत्तारामची जबानी

रवि., ५ ऑक्टो.
आज कौतुकाचा दिवस. उस्ताद हिलाल, आमचे वकीलसाहेब आणि ऑफिसचे मालक, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, नवी एआय सिस्टिम वृंदामुळे, म्हणजे माझ्यामुळे, मार्गी लागली. जेवणाआधी अकरा अशिलांच्या हकिकती झाल्या. माझ्या टेबलाशी दिवसाला तीन व्हायच्या, त्याही रडतखडत. आता काचेच्या खोलीत टॅबलेट. अशील आपल्या भाषेत बोलतो, लगेच अरबीत आणि इंग्रजीत हकिकत तयार. मी वाचून बरोबरची खूण करायची, त्याने सही करायची, खलास. इथे आखातात, बौशरच्या या ऑफिसात चौदा वर्षं टायपिंग केलं, आता कुठे बरे दिवस. जरा फुगले आहे. असू दे.

मंगळ., ७ ऑक्टो.
बरक्याहून एक दत्ताराम आला होता. मूळ कुडाळकडचा, गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. उजव्या हाताची दोन बोटं कामावर गेली. कंपनी म्हणते, हात बरा झाला की गावी जा. त्याला भरपाई हवी, आणि त्याच गोदामात जमेल असं दुसरं काम. पन्नाशीला आलाय, गावी जाऊन काय करणार?
"मॅडम, तुमी मराठी?" म्हणाला आणि चेहरा खुलला. मी त्याला टॅबलेटसमोर बसवलं. बाहेर उ. हिलाल पाहुण्या वकिलांना सिस्टिम दाखवत होते, त्यांना मी हवी होते. नऊ मिनिटांत काम झालं. खूण केली, सही घेतली. पाहुणे खूश.

सोम., २० ऑक्टो.
नरक चतुर्दशी. पहाटे उटणं, साडेसातला ऑफिस. माझा नवरा संजय नोकरी गेल्यामुळे मार्चपासून घरी आहे, म्हणून यंदा चकल्या त्याने केल्या. बऱ्या झाल्यात. त्याला नोकरी लागेपर्यंत माझ्या एकटीच्या पगारावर गाडी चाललीय, हे आम्ही दोघंही बोलत नाही.
दत्तारामची तक्रार लेबर ऑफिसात गेली. त्याचा दिवाळीचा फोन. "काम होयत ना?" म्हटलं, इन्शाल्ला.

बुध., २९ ऑक्टो.
कंपनीच्या वकिलाचं उत्तर आलं. मुद्दा एकच. कामगार स्वतःच सांगतो की अपघात माझ्या दुर्लक्षामुळे झाला, मालकाचा दोष नाही. आमच्याच हकिकतीतली दुसरी ओळ. खाली त्याची सही, बाजूला माझी खूण.
मी वाचलंच नव्हतं.
उ. हिलालनी विचारलं, मशीन चुकलं का? रेकॉर्डिंग लावलं. नाही चुकलं. "अर्बाब देवमाणूस आहे. त्यांचा काय दोष? माझंच लक्ष नव्हतं." शब्दन् शब्द तेच.
आता हे मला ठाऊक नव्हतं का? आमच्याकडचा माणूस परक्यासमोर आधी अर्बाबाला, म्हणजे मालकाला, चांगलं म्हणतो, मग दोष स्वतःकडे घेतो. ती बोलायची रीत आहे, कबुली नव्हे. माझ्या टेबलाशी चौदा वर्षं हेच झालं. चहा, मग गाव कुठलं, मुलं किती, आणि दुसऱ्या चहाला खरं बाहेर. सिस्टिम घ्यायच्या वेळी जो रिपोर्ट मी लिहिला, त्यात त्या अर्ध्या तासाला मीच 'वाया जाणारा वेळ' म्हटलंय.
रेकॉर्डिंगच्या शेवटी शांतता आहे. मग त्याचा आवाज, "मॅडम भायर आसत ना?" आणि बंद. हकिकतीत हे वाक्य नाही. केसशी संबंध नाही ना.
घरी सांगितलं तर ईरा म्हणते, "पण आई, टेक्निकली तो जे बोलला तेच मशीनने लिहिलं. मग मिस्टेक कोणाची?" नववीतल्या पोरीला कळलं ते.

शुक्र., ३१ ऑक्टो.
संजयला घेऊन बरक्याला गेले. खोलीत सहाजण राहतात, बाकीचे आमच्यासाठी बाहेर जाऊन बसले. दत्तारामने डाव्या हाताने चहा केला, मला करू दिला नाही. संजयशी माशांवर बोलला, बायकोच्या गुडघ्यावर बोलला. मी घाई केली नाही. मग आपणच म्हणाला, "ब्रेक लागा नव्हते. तीन येळा सुपरवायझराक सांगलंय. तो म्हणता, यल्ला, चालव." लेखी काही नाही. शेजारी बांगलादेशी होता त्याने ऐकलंय, पण तो बोलणार नाही.
"हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"
"तुमी येशात म्हणान थांबलंय."
परतीच्या रस्त्यात रडले. संजयने रेडिओ लावला नाही.

रवि., २ नोव्हें.
उ. हिलालना सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, त्याची नवी जबानी देऊ, पण समोरचे म्हणणार, वकिलाने पढवून आणला. पहिली जबानी खोडायची तर पहिल्या वेळी काय चुकलं ते सांगावं लागेल.
म्हटलं, मी सांगते. मी जवळ बसले नव्हते, न वाचता खूण केली.
उ. हिलालनी बोटातली अंगठी फिरवली. मग म्हणाले, "वृंदा, हे लेखी गेलं तर ऑगस्टमध्ये सिस्टिम आल्यापासूनची प्रत्येक फाइल लोक उघडतील. मग मी तुला ठेवू शकणार नाही." धमकी नव्हती. खरंच तसं होईल.
त्या फायलींत आणखी कितीजण आपला अर्बाब देवमाणूस म्हणून गेले असतील, कोण जाणे. त्यांना तर मी चेहऱ्यानेही ओळखत नाही. याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

मंगळ., ४ नोव्हें.
तरी लिहिलं. एक पान, इंग्रजी, खाली अरबी. अरबी मशीनकडून करून घेतलं नाही, कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याकडे गेले. सही केली. एक प्रत उ. हिलालच्या टेबलावर. त्यांनी वाचली, खणात ठेवली. म्हणाले, गुरुवारी बोलू.

गुरु., ६ नोव्हें.
बोलणं झालं नाही, उ. हिलाल सकाळपासून सोहारला. सुनावणी रविवारी.
दत्ताराम नवी जबानी द्यायला आला. काचेच्या खोलीत नेलं नाही, माझ्या टेबलाशी बसवलं. म्हटलं, बोला, घाई नाही. म्हणाला, "काय बोलूचा तां तुमीच सांगा. मी तसा बोलतंय." त्याला आता आपल्याच बोलण्याची भीती बसलीय. ती मी बसवली.
मग माझ्या त्या कागदाची दुसरी प्रत काढली आणि त्याला मराठीत वाचून दाखवली, पहिल्या ओळीपासून. जवळ बसले नाही. वाचलं नाही. खूण केली. त्याने मान खाली घालून ऐकलं. रागावला असता तर बरं झालं असतं. कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला, डाव्या हाताने, दोनदा खिसा चुकल्यावर.
"ह्या दिलंय तर तुमची नोकरी?"
म्हटलं, जाईल बहुतेक.
खिशावर हात ठेवून म्हणाला, "मगे रविवारी हो कागद देवचो की नको? तुमी सांगशात तसा."
'द्या' म्हणायचं होतं. एवढंच. तो माझ्याकडे बघत होता आणि मला ईराची फी आठवली, आणि मी म्हटलं, शनिवारी फोन करते.